घरखर्चावरून देशाची अर्थव्यवस्था कशी वाचायची?

भारताच्या जीडीपीत साठ टक्क्यांहून जास्त वाटा कुटुंबांच्या खर्चाचा आहे. २०२४-२५ मध्ये तो ६१ टक्क्यांच्या पुढे होता. अमेरिकेत हाच वाटा सुमारे ६८ टक्के आहे, चीनमध्ये जेमतेम ४०. म्हणजे किराणा, कपडे, शाळेची फी, एसटीचं तिकीट, मोबाइलचा रिचार्ज आणि दवाखान्याचं बिल यांची बेरीज हाच आपल्या अर्थव्यवस्थेचा सर्वांत मोठा भाग. ती बेरीज मंदावली तर कारखाने नवी यंत्रं घेत नाहीत आणि नोकऱ्याही निघत नाहीत.

अडचण अशी, की अमेरिकेत किरकोळ विक्रीचा अधिकृत आकडा दर महिन्याला जाहीर होतो, तसा आपल्याकडे निघत नाही. त्यामुळे पाच-सहा ठिकाणचे आकडे आपले आपणच जोडावे लागतात. दिवाळीआधी किती माल भरायचा हे ठरवणारा दुकानदार, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी, म्युच्युअल फंडात पैसे घालणारा नोकरदार, तालुक्याच्या बाजाराची बातमी करणारा पत्रकार, यांतल्या कोणालाही हे जमू शकतं. अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. आकडे फुकट मिळतात. ते कोणत्या क्रमाने आणि कोणत्या सावधगिरीने वाचायचे, एवढंच शिकावं लागतं.

माझा आग्रह आधीच सांगतो. ‘खर्च वाढला का?’ हा प्रश्न अपुरा आहे. कोणाचा वाढला, कशावर वाढला, महागाई वजा केल्यावर किती वाढला आणि त्यासाठी पैसा कुठून आला, ही चार उत्तरं हातात येईपर्यंत कोणताही निष्कर्ष काढू नका.

पायरी १: काय मोजलं जातं ते नीट समजून घ्या

सरकारी आकडेवारीत या खर्चाला ‘खासगी अंतिम उपभोग खर्च’ म्हणतात. बातम्यांमध्ये तो ‘पीएफसीई’ या आद्याक्षरांनी येतो. यात काय धरतात आणि काय नाही, हे कळलं नाही तर पुढचं सगळं चुकतं.

घर विकत घेणं हा उपभोग खर्च नाही, ती गुंतवणूक. भाडं मात्र उपभोगात येतं. इतकंच नव्हे, तर स्वतःच्या घरात राहणाऱ्याने ते भाड्याने घेतलं असतं तर किती द्यावं लागलं असतं, याचाही अंदाज बांधून उपभोगात धरतात. सोन्याच्या खरेदीसाठी बहुतांशी ‘मौल्यवान वस्तू’ हा वेगळा रकाना आहे. शेअर, मुदत ठेव, एसआयपी हे खर्च नव्हेत. खासगी शाळेची फी उपभोगात जाते. जिल्हा परिषदेच्या शाळेवरचा खर्च सरकारच्या खात्यात जातो. हप्त्यावर फ्रीज घेतला तर त्याची पूर्ण किंमत खरेदीच्या वेळीच धरली जाते. पुढचे हप्ते म्हणजे कर्जाची फेड.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. या लेखातले हे आकडे काढताना कोणी घरोघरी जाऊन पाकिटं तपासली नाहीत. देशात किती माल तयार झाला ते घ्यायचं, आयात मिळवायची, निर्यात वजा करायची, कारखान्यांनी कच्चा माल म्हणून वापरलेला भाग, सरकारने घेतलेला भाग आणि गुंतवणुकीत गेलेला भाग काढून टाकायचा. जे उरलं ते कुटुंबांनी वापरलं, असं मानायचं. गिरणीतून निघालेल्या पिठापैकी बेकरीत किती गेलं आणि घरच्या डब्यात किती, हे अशा हिशेबाने ठरतं. त्यामुळे मूळ उत्पादनाचे आकडे सुधारले की खर्चाचा आकडाही बदलतो, कधीकधी बराच.

पायरी २: तिमाही आकडा उघडा आणि तीन चाळण्यांतून काढा

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय जीडीपीचे तिमाही आकडे फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या अखेरीला देतं. सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ते पत्रक मिळतं. त्यात खर्चाच्या बाजूचा तक्ता शोधा. तिथे खासगी उपभोग, सरकारी उपभोग, स्थिर भांडवल निर्मिती (यंत्रं, इमारती यांतली गुंतवणूक), निर्यात, आयात अशा ओळी असतात. वर्तमानपत्राचा मथळा बहुधा एकूण जीडीपीचा असतो. तुम्ही पहिल्या ओळीवर बोट ठेवा.

पहिली चाळणी महागाईची. तक्ता दोनदा दिलेला असतो, चालू किमतींना (त्या वेळच्या भावांनी) आणि स्थिर किमतींना (एका ठरावीक जुन्या वर्षाच्या भावांनी). वाढ पाहायची ती स्थिर किमतींच्या तक्त्यात. घरच्या हिशेबात हे असं दिसतं: गेल्या वर्षी महिन्याचा किराणा १०,००० रुपयांचा होता, यंदा १०,६०० चा. भाव ५ टक्क्यांनी वाढले असतील तर १०,६०० ला १.०५ ने भागा. उत्तर येतं साधारण १०,०९५. बिल ६ टक्क्यांनी फुगलं, पण पिशवीत माल आला जेमतेम एक टक्का जास्त.

दुसरी चाळणी गेल्या वर्षीच्या पायाची. एप्रिल ते जून २०२० या टाळेबंदीच्या तिमाहीत कुटुंबांचा खर्च, सुरुवातीच्या अंदाजानुसार, २६ टक्क्यांहून जास्त घसरला. पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत तो १९.३ टक्क्यांनी वाढला आणि ‘दणदणीत झेप’ अशा बातम्या आल्या. हिशेब करून बघा. १०० चे ७४ झाले. ७४ वर १९.३ टक्के वाढ म्हणजे ८८. दोन वर्षांनंतरही लोक आधीपेक्षा सुमारे १२ टक्के कमी खर्च करत होते, आणि ती झेप होती खड्ड्यातून अर्ध्यावर येण्याएवढी. म्हणून वाढीचा टक्का संशयास्पद मोठा किंवा लहान दिसला की दोन वर्षं मागचा आकडा घेऊन तुलना करा.

तिसरी चाळणी सुधारणेची. २०२३-२४ सालासाठी कुटुंबांच्या खर्चाची वाढ आधी ४ टक्के सांगितली गेली. पुढे सुधारित अंदाजात तीच ५.६ टक्के झाली. पहिल्या आकड्यावर ‘ग्राहक आटला’ असे लेख लिहिणाऱ्यांना दुसऱ्या आकड्याने अडचणीत आणलं. २०२४-२५ ची वाढ मे २०२५ च्या अंदाजात ७.२ टक्के होती. आता सरकारने आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या भावांनी स्थिर किमती मोजतात ते वर्ष, २०११-१२ वरून २०२२-२३ केलं आहे. या लेखातले जीडीपीचे आकडे जुन्या मालिकेतले आहेत. दोन मालिकांचे आकडे एकाच ओळीत जोडू नका, ती तुलना फसवी ठरते.

पायरी ३: खर्च कोणाचा, ते शोधा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. जीडीपीचा तक्ता देशाला एकच कुटुंब मानून बेरीज सांगतो. त्या कुटुंबात कोण जेवलं आणि कोण उपाशी राहिलं, हे त्यातून कळत नाही. ते कळतं ‘कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणा’तून. आपल्याकडे अशा पाहण्यांची परंपरा मोठी आहे. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. तिच्याच आकड्यांवर पुण्याच्या गोखले संस्थेतल्या अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. दिवसाला २,२५० उष्मांक (कॅलरी) पोटात जाण्याइतका खर्च किती लोक करू शकतात, असा त्यांचा प्रश्न होता. घरखर्चाचे आकडे माणसांसाठी कसे वाचायचे, याचा तो आजही उत्तम धडा आहे.

मधल्या काळात ही परंपरा खंडित झाली. २०१७-१८ चं सर्वेक्षण झालं, पण आकड्यांच्या दर्जाचं कारण देऊन सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये ते प्रसिद्ध न करण्याचं जाहीर केलं. त्यामुळे २०११-१२ नंतर थेट २०२२-२३, अशी अकरा वर्षांची पोकळी आहे. नोटाबंदी, जीएसटी आणि करोना ही तिन्ही वळणं त्या पोकळीत गेली. देशाच्या दृष्टीने हे मोठं नुकसान आहे, आणि ते कोणत्याही सुधारित अंदाजाने भरून निघणार नाही.

२०२३-२४ च्या सर्वेक्षणात देशभरातली २ लाख ६१ हजारांहून जास्त कुटुंबं होती. त्यात दरमहा दरडोई सरासरी खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये निघाला. महाराष्ट्राचे २०२२-२३ चे आकडे होते ग्रामीण ४,०१० आणि शहरी ६,६५७. आता वही घ्या आणि स्वतःच्या घराचा महिन्याचा खर्च माणसांच्या संख्येने भागा. घरभाडं असेल तर ते धरा. गृहकर्जाचा हप्ता आणि गुंतवणूक सोडा. देशातल्या सरासरी शहरी चौघांच्या कुटुंबाचा खर्च येतो महिन्याला सुमारे २८ हजार. पुण्यात किंवा ठाण्यात तुमचं चौघांचं घर ६० हजारांत चालत असेल, तर तुम्ही शहरी सरासरीच्या दुपटीहून वर आहात. हा हिशेब एकदा केला की ‘आमच्या सोसायटीत तर सगळ्यांकडे गाड्या आहेत’ अशा निरीक्षणावरून देशाबद्दल बोलणं आपोआप थांबतं.

सरासरीवरही थांबू नका. अहवालात लोकसंख्येचे खर्चाप्रमाणे बारा गट पाडलेले असतात. २०२३-२४ मध्ये ग्रामीण भागातल्या सर्वांत खालच्या ५ टक्के लोकांचा दरमहा दरडोई खर्च १,६७७ रुपये होता. रोजचे सुमारे ५६ रुपये, आणि त्यात जेवण, कपडे, औषध, प्रवास सगळं आलं. शहरातल्या सर्वांत वरच्या ५ टक्क्यांचा आकडा २०,३१० रुपये, म्हणजे बारा पट. जीडीपीतली एकच ओळ वाचून कोणी ‘भारतीय ग्राहक’ असा एकवचनी शब्द वापरला, तर हे दोन आकडे त्याच्यापुढे ठेवा.

महागाईची चाळणी इथेही लावायची. ग्रामीण दरडोई खर्च २०११-१२ मध्ये १,४३० रुपये होता, तो बारा वर्षांत ४,१२२ झाला. जवळपास तिप्पट. पण २०११-१२ च्याच भावांनी मोजलं तर तो २,०७९ भरतो, म्हणजे वाढ सुमारे ४५ टक्के, वर्षाला सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. शहरी भागात तीच वाढ २,६३० वरून ३,६३२ एवढी. सुधारणा खरी आहे, पण ती तिपटीची नाही. शिवाय २०२२-२३ पासून माहिती घेण्याची पद्धत बदलली. एकाच भेटीऐवजी एका कुटुंबाला तीन भेटी दिल्या जातात. त्यामुळे जुन्या सर्वेक्षणाशी तुलना करताना थोडी ढील ठेवावीच लागते.

एक मर्यादा आणखी. सर्वेक्षणातून येणारा देशाचा एकूण खर्च जीडीपीतल्या खर्चापेक्षा बराच कमी भरतो. श्रीमंत घरांपर्यंत पोहोचणं अवघड आणि पोहोचलं तरी पूर्ण खर्च कळणं त्याहून अवघड, हे त्याचं एक कारण. म्हणजे वरच्या थराचा खर्च सर्वेक्षणात दिसतो त्याहून जास्त असण्याचीच शक्यता आहे.

पायरी ४: खर्च कशावर होतो, ते वेगळं काढा

जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल याने १८५७ मध्ये कामगार कुटुंबांच्या खर्चाचे हिशेब तपासून एक नियम मांडला. उत्पन्न वाढत जातं तसा एकूण खर्चातला अन्नाचा वाटा कमी होत जातो. आपल्याकडे ग्रामीण भागात हा वाटा २०११-१२ मध्ये जवळपास ५३ टक्के होता, २०२२-२३ मध्ये ४६.४ झाला. शहरात ४२.६ वरून ३९.२. नियमाप्रमाणेच झालं.

पण पुढच्याच वर्षी, २०२३-२४ मध्ये, ग्रामीण वाटा थोडा वाढून ४७ झाला आणि शहरी ३९.७. लोक अचानक जास्त खायला लागले असं नाही. त्या काळात भाज्या आणि डाळी कडाडल्या होत्या. अन्नाचा वाटा वाढलेला दिसला की आधी भाजीपाल्याचे भाव बघा. भाव चढे असतील तर त्याचा अर्थ असा, की घराने कपडे, चप्पल, फिरणं यांतून कापून ताटात टाकलं. भाव स्थिर असून वाटा वाढला असेल तर दोन शक्यता. एक तर खरंच उत्पन्न घटलं, किंवा खाण्याचा दर्जा सुधारला.

त्यासाठी अन्नाच्याही आत डोकवा. ग्रामीण खर्चात तांदूळ, गहू, ज्वारी अशा धान्यांचा वाटा २०११-१२ मधल्या जवळपास ११ टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या आसपास आला. दुसरीकडे पेयं, तयार खाद्यपदार्थ आणि बाहेरचं खाणं हा आता अन्नातला सर्वांत मोठा गट आहे, खेड्यातसुद्धा. चहा-बिस्किटापासून वेफर्सच्या पाच रुपयांच्या पुड्यापर्यंत सगळं त्यात येतं. धान्यावरचा खर्च घटण्यामागे रेशनवरचं मोफत धान्यही आहे. जानेवारी २०२३ पासून सुमारे ८१ कोटी लोकांसाठी ते मोफत झालं. या मोफत वस्तूंची किंमत धरली तर ग्रामीण दरडोई खर्च ४,१२२ ऐवजी ४,२४७ होतो. सव्वाशे रुपयांचा हा फरक किरकोळ वाटेल, पण रोज ५६ रुपयांत भागवणाऱ्या माणसासाठी तो दोन दिवसांहून जास्त खर्च आहे.

पायरी ५: दर महिन्याच्या खुणा, आणि त्यांतले चकवे

तिमाही आकडा यायला दोन महिने लागतात, सर्वेक्षण यायला त्याहून बराच जास्त काळ. मधल्या काळात काय बघायचं?

माझ्या मते सर्वांत बोलका आकडा दुचाकींचा. दुचाकी घेणारा माणूस खूप गरीबही नसतो आणि श्रीमंतही नसतो. देशाची जी मधली मोठी पट्टी आहे, ती दुचाकीच्या शोरूममध्ये दिसते. इथे मात्र दोन वेगवेगळे आकडे येतात. वाहन उत्पादकांची संघटना ‘सियाम’ कंपनीतून डीलरकडे गेलेल्या गाड्या मोजते. डीलरांची संघटना ‘फाडा’ आरटीओत नोंदलेल्या, म्हणजे गिऱ्हाइकाने खरोखर नेलेल्या गाड्या सांगते. सणाआधी कंपन्या डीलरकडे गाड्या भरतात तेव्हा पहिला आकडा फुगतो. गिऱ्हाईक आलं नाही तर त्या गोदामातच पडून राहतात. घरखर्च वाचायचा असेल तर नोंदणीचा आकडा घ्या.

लांबचा पल्ला बघायला मात्र सियामचा आकडा उपयोगी पडतो. २०१८-१९ मध्ये देशात सुमारे २ कोटी १२ लाख दुचाकी विकल्या गेल्या. २०२१-२२ मध्ये त्या १ कोटी ३५ लाखांच्या आसपास घसरल्या. २०२४-२५ मध्ये १ कोटी ९६ लाख, म्हणजे सहा वर्षांनंतरही जुनी उंची गाठली नव्हती. याच काळात कार आणि एसयूव्ही ३३.८ लाखांवरून ४३ लाखांवर, विक्रमी पातळीला गेल्या. एकाच देशातले हे दोन आकडे शेजारी ठेवले की वरचा थर पुढे गेला आणि मधला रेंगाळला, हे स्पष्ट दिसतं. पण इथेही घाई नको. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घ्यावा लागू लागला. २०१९ पासून ब्रेकचे नवे नियम आले आणि एप्रिल २०२० पासून कमी प्रदूषणाचं बीएस-६ इंजिन. दुचाकी महाग झाली, आणि नेमका तेव्हाच करोनाने रोजगार नेला. मागणी मंदावण्यात किमतीचा आणि उत्पन्नाचा, दोन्हींचा हात आहे.

महिन्यांची तुलना करताना पंचांग जवळ ठेवा. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. गुढीपाडवा २०२४ मध्ये ९ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला. पाडव्याला गाडी घरी न्यायची आपल्याकडे रीत आहे. मग मार्च २०२५ चा आकडा चढा आणि एप्रिलचा पडका दिसला तर ती मंदी नव्हे. तसंच लक्ष्मीपूजन २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. उपाय सोपा आहे: मार्च-एप्रिल एकत्र मोजा, आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर एकत्र.

२०२५ चा सप्टेंबर तर वेगळाच होता. १५ ऑगस्टला जीएसटी कपातीची घोषणा झाली आणि नवे दर २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी लागू झाले. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी, छोट्या कार, मोठे टीव्ही, एसी यांवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला. आधीच पितृपक्ष, त्यात ‘थोडं थांबा, स्वस्त होणार आहे’ हा हिशेब. लोकांनी खरेदी पुढे ढकलली आणि मग एकदम केली. त्या महिन्याचा आकडा एकटा वाचला तर आधी घबराट आणि नंतर अवाजवी आनंद, असं दोन्ही होतं.

जीएसटीचं महिन्याचं संकलन बातम्यांत खूप गाजतं. एप्रिल २०२५ मध्ये ते २.३७ लाख कोटींवर गेलं. घरखर्चाची खूण म्हणून मी त्याला कमी वजन देतो. संकलन चालू किमतींवर असतं, म्हणून महागाई वाढली की तेही वाढतं. त्यात आयातीवरचा कर असतो. एप्रिलचं संकलन मार्चच्या, म्हणजे वर्षअखेरीच्या व्यवहारांचं असतं. आणि दर कमी केल्यावर तेवढाच कर मिळाला तर माल उलट जास्त विकला गेलेला असतो. यूपीआयचं तसंच. ऑगस्ट २०२५ मध्ये महिन्यात २,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला गेला, पण भाजीवाल्याला रोख द्यायचे चाळीस रुपये मोबाइलवरून दिले म्हणून भाजी जास्त खाल्ली गेली असं होत नाही.

साबण, तेल, बिस्किटं विकणाऱ्या कंपन्यांचे तिमाही निकाल मात्र जरूर वाचा, आणि त्यांत एकच शब्द शोधा: ‘व्हॉल्यूम’, म्हणजे रुपयांत नव्हे तर वजनात किंवा नगांत मोजलेली विक्री. विक्री ८ टक्के वाढली, पण व्हॉल्यूम २ टक्केच, असं असेल तर बाकी सगळी किंमतवाढ. इथे एक बारकावा आहे. पाच आणि दहा रुपयांच्या पुड्याची किंमत कंपन्या वाढवत नाहीत, आतलं वजन कमी करतात. पुडे तेवढेच विकले गेले तरी टनांत मोजलेला माल घटतो. तुमच्या गावच्या किराणा दुकानदाराला विचारा, मोठ्या पाकिटावरून लहान पुड्यावर किती गिऱ्हाइकं आली, उधारीची वही किती जाड झाली. हे उत्तर कुठल्याही अहवालाच्या आधी मिळतं. मात्र एका दुकानावर विसंबू नका. वेगवेगळ्या वस्तीतली तीन-चार दुकानं हवीत.

मराठवाडा-विदर्भात राहणाऱ्यांनी सोयाबीन आणि कापसाचे भाव या यादीत घालावेत. दिवाळीच्या तोंडावर हातात येणारा पैसा तोच. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात माल त्याहून खाली जात होता. अशा वर्षी पाऊस चांगला होऊनही तालुक्याच्या कापड दुकानात गर्दी का नाही, याचं कारण मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात सापडतं.

पायरी ६: पैसा आला कुठून?

खर्च तीन वाटांनी वाढू शकतो: कमाई वाढली, बचत कमी केली, किंवा कर्ज काढलं. पहिली वाट टिकणारी आहे. उरलेल्या दोन काही काळच चालतात.

रिझर्व्ह बँक कुटुंबांच्या निव्वळ आर्थिक बचतीचा आकडा देते. ठेवी, विमा, फंड यांतली भर घ्यायची आणि त्यातून नवं कर्ज वजा करायचं. २०२०-२१ मध्ये, खर्च करायला वावच नव्हता तेव्हा, ती जीडीपीच्या ११ टक्क्यांवर गेली होती. २०२२-२३ मध्ये ५ टक्क्यांच्या आसपास आली, कित्येक दशकांतली नीचांकी. लोक घरं घेत आहेत, म्हणून गृहकर्ज वाढलं आणि बचत आर्थिक रूपातून विटा-सिमेंटमध्ये गेली, असं सरकारचं म्हणणं होतं. त्यात तथ्य आहे. पण त्याच काळात विनातारण वैयक्तिक कर्जं आणि क्रेडिट कार्डावरची देणी इतक्या वेगाने वाढली, की नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा वैयक्तिक कर्जांसाठीचं जोखीम भारमान (कर्जापोटी बँकेने स्वतःचं किती भांडवल राखायचं, ते ठरवणारा टक्का) १०० वरून १२५ टक्के केलं. विटांसाठी काढलेलं कर्ज आणि लग्नासाठी काढलेलं कर्ज, दोन्हींची नोंद एकाच रकान्यात करू नका.

सोनेतारण कर्जाकडे खास लक्ष द्या. आपल्या घरांत दागिना शेवटी गहाण पडतो, आधी नाही. सोन्याचा भाव वाढल्यामुळेही तेवढ्याच दागिन्यावर जास्त कर्ज मिळतं. म्हणून रकमेबरोबर वेळेत न फेडलेल्या कर्जाचं प्रमाणही बघा.

सरकारकडून येणारा पैसाही याच पायरीवर नोंदवा. महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ योजनेत पात्र महिलांना दरमहा १,५०० रुपये मिळू लागले. रोजंदारीवरच्या घरात ही रक्कम बँकेत पडून राहत नाही. ती किराणा, औषधं, वह्या यांतच जाते. त्या घराला त्याने आधार मिळतो, हे खरंच आहे. अर्थव्यवस्थेचा अंदाज बांधताना मात्र हा खर्च मजुरी वाढल्यामुळे झालेल्या खर्चापासून वेगळा मांडायला हवा.

पायरी ७: मनाचा कल

रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी शहरी ग्राहकांचा विश्वास मोजते. सध्याची परिस्थिती आणि पुढच्या वर्षाची अपेक्षा असे दोन निर्देशांक येतात. १०० च्या वर आशा, खाली निराशा. मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, पहिला निर्देशांक ४८.५ या तळाला गेला होता. या अहवालात मी एकाच तक्त्यावर थांबतो: आवश्यक आणि अनावश्यक खर्चाबद्दल लोक काय म्हणतात. आवश्यक खर्च वाढला म्हणणारे खूप आणि अनावश्यक खर्च वाढला म्हणणारे थोडे, असं असेल तर महागाई खिसा खाते आहे.

पायरी ८: वहीत एक पान

हे सगळं एका पानावर बसतं. डावीकडे महिने लिहा. रकाने सहाच ठेवा: दुचाकी नोंदणी, अन्नधान्य महागाई (ग्राहक किंमत निर्देशांक दर महिन्याच्या १२ तारखेला येतो), तुमच्या भागातल्या मुख्य पिकाचा भाव, कंपन्यांच्या व्हॉल्यूमची वाढ, वैयक्तिक आणि सोनेतारण कर्जाची वाढ, आणि चार दुकानदारांनी सांगितलेली एक ओळ. ग्राहक किंमत निर्देशांकाचीही नवी मालिका आली आहे. तिचं आधारवर्ष २०२४ आहे आणि वस्तूंचे भार २०२३-२४ च्या सर्वेक्षणावरून ठरवले आहेत. जुन्या मालिकेत खाद्यपदार्थ आणि पेयांचा भार ४५.८६ टक्के होता, तो आता कमी झाला आहे. म्हणून जुने टक्के नव्या पानावर उतरवू नका.

तिमाही जीडीपी येण्याच्या आदल्या दिवशी या पानावरून स्वतःचा अंदाज लिहा: कुटुंबांचा खर्च गेल्या तिमाहीपेक्षा वेगाने वाढला की मंदावला, आणि कोणत्या थरात. नेमका टक्का सांगायचा प्रयत्न करू नका, दिशा पुरे. दुसऱ्या दिवशी सरकारी आकडा शेजारी लिहा. सुधारित अंदाज आला की त्याच ओळीत तिसऱ्या शाईने तोही लिहा. तुमची दिशा आणि सरकारी आकडा वेगळे निघाले तर आधी सणांच्या तारखा, मग गेल्या वर्षीचा पाया आणि मग महागाई, या क्रमाने कारण शोधा. तिन्हींत सापडलं नाही, तर तुमचे चार दुकानदार एकाच थरातल्या गिऱ्हाइकांचे आहेत का ते तपासा आणि त्यांतला एक बदला.